999 वाचलं, पुढचं वाचायचं राहिलं

नाशिकच्या माणसाने बँकॉकला जाऊन चांदी घेतली, यावर आधी हसून घ्या. आमच्या घरी हसून झालंय. घरापासून सराफ बाजार वीस मिनिटांवर, चांदीच्या भांड्यांसाठी बाहेरगावची माणसं आमच्या गावात येतात, आणि मी 1 लाख 20 हजाराला थायलंडहून तांबं आणलं. बायको म्हणते, काखेत कळसा आणि बँकॉकला वळसा.

मुलीचं लग्न मे महिन्यात. तिला चांदीचं ताट, वाटी, तांब्या द्यायचं आधीपासून ठरलेलं. पण ऑक्टोबर 2025मध्ये चांदी अशी काही उसळली की जगात औंसाला 50 डॉलरच्या पुढे गेली, 1980 सालचा उच्चांक मोडून. आपल्याकडे तर दिवाळीच्या तोंडावर मालच मिळेना. किलोचा भाव दीड लाखाच्या वर, आणि बाहेरच्या भावापेक्षाही चढा. आमचे सराफ काका म्हणाले, थोडं थांबा, उतरेल. मी थांबलो, पण ‘बाहेर स्वस्त मिळते’ हे डोक्यात बसलं ते बसलंच. नोव्हेंबरच्या शेवटी आमच्या ग्रुपची थायलंडची सहल होती. पट्टाया दोन रात्री, बँकॉक तीन.

बँकॉकमधला मोकळा दिवस. ग्रँड पॅलेसच्या भिंतीशी एक नीटनेटका माणूस भेटला, काळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. राजमाता सिरिकित यांचं ऑक्टोबरमध्येच निधन झालेलं, शहरभर लोक काळ्या कपड्यांत दिसत होते. तो म्हणाला, आत विधी चालू आहेत, पर्यटकांना दोननंतर सोडतील. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतंच. (राजवाडा उघडा होता. आमच्याच ग्रुपमधले दोघं त्याच वेळी आत फोटो काढत होते.) त्यानेच टुकटुक थांबवली. चाळीस बाटमध्ये तीन देवळं आणि परत. इतक्या पैशात नाशिकरोडचा रिक्षावाला मीटरला हातसुद्धा लावणार नाही, एवढ्यावरूनच मी ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या देवळात एक गृहस्थ शांत बसलेले. चांगलं इंग्रजी. बोलता बोलता म्हणाले, मी दरवर्षी इथून चांदीचे बार नेतो, निर्यातीचं सवलतीचं दुकान आहे, आज शेवटचा दिवस. टुकटुकवाला, भिंतीजवळचा माणूस आणि हे गृहस्थ तिघं एकाच माळेचे मणी, हे मला नाशिकला आल्यावर उमगलं. रत्नांच्या नावाखाली हाच खेळ तिथे वर्षानुवर्षं चालतो. माझ्या वाट्याला चांदी आली.

दुकान थंडगार. चहा आला, कोणीतरी ‘नमस्ते’ म्हणालं. मखमलीवर ठेवलेला बार हातात दिला तेव्हा खरं सांगतो, मन भरून आलं. जड, गार, कोपरे गोल. त्यावर वर एक गरुड आणि खाली इंग्रजीत कोरलेलं: टेन औंस, हंड्रेड मिल्स, पॉइंट ट्रिपल नाइन फाइन सिल्व्हर. मी 999 पाहिलं आणि पुढचं वाचायचं बंद केलं.

त्याने परीक्षा करून दाखवल्या, न मागता. लोहचुंबक लावलं, बार चिकटला नाही. वर बर्फाचा खडा ठेवला, भराभर वितळला, ‘चांदीसारखी उष्णता दुसरा कुठला धातू नेत नाही’. मग कॅरेट मोजायच्या मशिनखाली धरला, पडद्यावर 99.9. शेवटी काट्यावर ठेवला, 10.00 औंस. आता ऐका. चुंबकाला तांबंही चिकटत नाही. उष्णता नेण्यात चांदी पहिली खरी, पण तांबं तिच्या अगदी मागोमाग, बर्फ दोन्हींवर सारखाच पळतो. मशीन फक्त वरची कातडी वाचतं, आत काय आहे ते त्याला दिसत नाही. त्याने केलेल्या प्रत्येक परीक्षेत तांबं पास होतं. परीक्षा त्याच हिशोबाने निवडलेल्या.

भाव मी मोबाइलवर पाहिला. दहा औंसाचे साधारण 16 हजार बाट व्हायला हवेत, तो साडेचौदाला देत होता. जगाच्या बाजारभावाखाली चांदी कोणी का विकेल? हा प्रश्न मला पडला होता, आणि ‘निर्यात सवलत’ हे उत्तर मी स्वतःच स्वतःला दिलं. तीन बार, 43,500 बाट, म्हणजे ते 1 लाख 20 हजार, कार्डावर. पावतीवर त्याने ‘सुवेनिर’, म्हणजे आठवणीची वस्तू, असं लिहिलं आणि डोळा मिचकावला: कस्टममध्ये त्रास नको. मला तर तो आपला माणूस वाटला! सोन्याचांदीचे बार सामानाच्या शुल्कमाफीत बसत नाहीत, आणि सवलतीच्या दराने चांदी आणायची तर परदेशात किमान सहा महिने राहिलेलं असावं लागतं. आमची पाच रात्रींची सहल. तरी मुंबईला ग्रीन चॅनलमधून, म्हणजे कस्टमला काहीच न सांगता, आलो. छाती धडधडत होती. त्याची लाज आहेच, पण ज्यासाठी धडधडली ते तांबं होतं, हे जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी सराफ बाजारात गेलो. काकांनी बार हातात घेतला, उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि काट्यावर ठेवला. 283.5 ग्रॅम.

“औंस कुठला हा?”

चांदीसोन्याचा औंस 31.1 ग्रॅमचा, ट्रॉय औंस. दहाचे 311 व्हायला हवेत. किराण्याचा औंस 28.35चा. त्या दुकानातला काटा किराण्याच्या औंसावर लावलेला होता. त्याला ग्रॅमचंही बटण होतं. मी अंबडला टर्निंगचं वर्कशॉप चालवतो, दिवसभर व्हर्नियर हातात असतो, आणि ते एक बटण मी दाबलं नाही.

मग काकांनी काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला काचेचा ग्लास ठेवला, आकडा शून्यावर आणला, बार दोऱ्याला बांधला आणि तळाला न टेकवता पाण्यात सोडला. काट्यावर दिसतं ते बारने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड, तांबं नऊ पट. 283 ग्रॅम चांदी असेल तर काटा 27च्या आसपास थांबायला हवा. थांबला 31.6वर. काका काही बोलले नाहीत. कानस घेतली आणि कडेला तीन-चार वेळा ओढली. पांढरी रेघ उमटली, आणि तिच्या मधोमध नव्या तांब्याचा तो गुलाबी-तांबडा रंग. उरलेल्या दोन्ही बारांवर तेच. शेजारचा गिऱ्हाईक वाकून बघत होता.

“हंड्रेड मिल्स म्हणजे काय हो?” काकांनी विचारलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. थराची जाडी. मी स्वतः बारा वर्षं पार्ट प्लेटिंगला, म्हणजे मुलामा द्यायला, पाठवतोय. त्या बारवरच लिहिलेलं होतं की वर चांदीचा थर आहे. पावतीवर ‘सुवेनिर’च्या पुढे बारीक अक्षरात ‘सिल्व्हर क्लॅड’, म्हणजे वरून चांदी चढवलेलं, असं होतं. बार चांदीचा आहे असं कागदावर कुठेच नव्हतं.

म्हणून पुढचं काहीच जमलं नाही. कार्डाच्या बँकेने पावती मागितली, वाचली, आणि जे लिहिलं तेच तुम्हाला मिळालं असं कळवलं. थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा नंबर 1155 आहे. तिथे असतानाच, दुकान समोर असताना लावायचा असतो. मी नाशिकहून कुठल्या तोंडाने बोलणार? ती पावती मी कस्टम चुकवायला हसत हसत घेतली होती. त्याचं ‘सुवेनिर’ त्यालाच उपयोगी पडलं.

परदेशात बार घ्यायची कोणाला अगदीच हौस असेल, तर काटा ग्रॅमवर करायला लावा, पाण्यातलं वजन करायला सांगा, आणि त्याचा चेहरा बघा. त्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटाही चालतो. ताट-वाटी मात्र मी शेवटी काकांकडूनच घेतली, आणखी चढ्या भावाने. चांदीच्या वस्तूंवर सप्टेंबर 2025पासून एचयूआयडीसह (वस्तूच्या ओळख क्रमांकासह) हॉलमार्क मिळतो, ऐच्छिक आहे, मी मागून घेतला. बायकोने तो बीआयएस केअर ॲपवर तिथेच तपासला. माझ्यावर आता तिचा भरवसा नाही.

दोन बार भांडी बाजारात मोडीत घातले, साडेचारशेच्या आसपास आले. तिसरा वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगवर वजन म्हणून ठेवलाय. परवा नवीन पोराने उचलून वाचला.

“शेठ, हंड्रेड मिल म्हणजे किती मायक्रॉन?”

“दोन हजार पाचशे चाळीस. अडीच मिलिमीटर.”

त्याने कानशीची खूण अंगठ्याने चाचपली. “आपण तर आठ-दहाचं प्लेटिंग करून घेतो. एवढं कोण करतं?”