रिकॉइलसाठी पैसे कुठे घालायचे: मेकची बटप्लेट, वजनं आणि अ‍ॅब्सॉर्बर

रिकॉइल म्हणजे गोळी सुटताना रायफलला मागे बसणारा धक्का. आधी निकाल सांगतो मग कारणं. १० मीटर एअर रायफल असो की ५० मीटर पॉइंट टू टू (.२२ ची रायफल), पहिला पैसा बटप्लेटवर, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या प्लेटवर घाला, मग रायफलला लावायच्या वजनांवर, आणि अ‍ॅब्सॉर्बर (धक्का खाणारी आतली यंत्रणा) वगैरे सगळ्यात शेवटी. मझल ब्रेकचं, म्हणजे नळीच्या तोंडाला लावून धक्का कमी करणाऱ्या तुकड्याचं, तर नावच काढू नका. युट्यूबवर अमेरिकेतले लोक लावताना दिसतात, पण त्यांचे मॅचेस वेगळे, आपल्या आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात रायफलला मझल ब्रेक किंवा कम्पेन्सेटर चालतच नाही, इक्विपमेंट कंट्रोलवाले टेबलावरूनच परत पाठवतील.

पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या स्वप्नील कुसाळेचं ब्राँझ आलं तेव्हापासून आमच्या रेंजवर एअर सोडून ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) येणारी पोरं वाढलीयत, आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचा एकच प्रश्न, दादा ही उडते किती! उडणारच रे. एअरचा पेलेट, म्हणजे छर्रा, अर्ध्या ग्रॅमच्या जरासा वर, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. पॉइंट टू टूची गोळी अडीच ग्रॅमच्या वर आणि वेग ३३० च्या घरात. गुणाकार करून बघा, धक्का नऊ-दहा पट येतो, आणि रायफल काही दहा पट जड नसते. खांद्याला दुखतबिखत काही नाही, तो प्रॉब्लेमच नाही मुळी. प्रॉब्लेम असा की गोळी नळीत असतानाच रायफल मागे सरकायला लागते, साधारण पाव मिलीमीटर, आणि त्या पाव मिलीमीटरला तुमचा खांदा दर वेळी वेगळं उत्तर देत असेल तर सगळं बरोबर करूनही १०.६ गुणांच्या जागी ९.८ येतो आणि आपण ट्रिगरला शिव्या घालत बसतो.

म्हणून बटप्लेट. माझ्याकडे मेकची कॉन्टॅक्ट थ्री आहे, जर्मन कंपनी, रेंजवर बऱ्याच जणांकडे दिसेल. वरखाली होते, डावीउजवी सरकते, कोनात वळते, थोडक्यात खांदा जसा आहे तशी ती होते, उलटं नाही. स्टॉकबरोबर आलेल्या साध्या प्लेटवर जॅकेटच्या आत खांद्याचा एकच कोपरा टेकायचा, आता पूर्ण पट्टा टेकतो. फरक कुठे दिसला ते सांगतो. प्रोनमध्ये (झोपून) शॉट सुटला की फ्रंट साइटची रिंग आधी वर आणि डावीकडे, साडेदहाच्या काट्याकडे पळायची आणि परत येताना शेजारच्या टार्गेटवर डोकावून यायची. प्लेट थोडी आत घेतली आणि दोन-तीन डिग्री फिरवली, तर रिंग सरळ वर जाते आणि सरळ खाली येऊन काळ्यावर बसते. ग्रुप किती सुधारला ते नंतर बघा, आधी रिंग कुठे जाते आणि कुठे येते ते बघा, त्यासाठी फॉलो थ्रूमध्ये, म्हणजे शॉट सुटल्यावरही, डोळा उघडा ठेवावा लागतो, जे निम्मे लोक करत नाहीत.

स्टँडिंगला वेगळी कथा. तिथे मान सरळ राहावी म्हणून रायफल उंच घेतो, म्हणजे प्लेट खाली जाते, नळी खांद्याच्या बरीच वर राहते आणि नाक जास्त उचलतं. हे पूर्ण जाणार नाही, कुठलाच पार्ट लावून जाणार नाही. त्यामुळे तिन्ही पोझिशनचे आकडे वेगवेगळे लिहून ठेवा, प्लेटवर खुणा असतात, त्यांचा मोबाइलमध्ये फोटो काढला तरी चालेल.

तक्रार म्हणाल तर किंमत. कस्टम ड्युटी धरून नवी घ्यायची म्हणजे घरच्यांना आधी विश्वासात घ्या. आणि मे महिन्यात बालेवाडीला घामाने जॅकेट ओलं झालं की प्लेट जरा सरकते, पण तो दोष पुण्याच्या उन्हाचा.

मेकच्या आधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून अगदी तशीच दिसणारी कॉपी मागवलेली. दिसायला झकास. वीसेक शॉटनंतर सांधा आपोआप ढिला, एलन की फिरवली तर स्क्रूचं तोंडच गोल झालं, आणि परत पाठवायचं म्हटल्यावर विक्रेता म्हणे 'आपने ज़्यादा टाइट किया'. स्वस्तातलं घ्यायचं असेल तर जुनी ओरिजिनल घ्या, कॉपी नको.

वजनं. स्वस्त आणि कामाची, पण आपले लोक सगळी पुढे नळीवरच टाकतात. नाक जड केलं की उचलणं कमी होतं हे खरं, पण शेवटच्या सिरीजला डावा हात थरथरतो त्याचं काय? थोडं पुढे, थोडं मागे स्टॉकला, असं वाटून लावा आणि एका वेळी एकच बदला. एअरला सगळं धरून साडेपाच किलोची मर्यादा आहे, शिवाय नळीवरचं वजन नळीच्या मधल्या रेषेपासून ३० मिलीमीटरच्या आतच हवं, ५० मीटरला वजनाची मोकळीक जास्त. मॅचच्या आदल्या दिवशी साइट, हँडस्टॉप (पुढच्या हाताचा आधार) सगळं लावून काट्यावर ठेवायची.

अ‍ॅब्सॉर्बर एअरवाल्यांसाठी. फाइनवेर्कबाऊ ८०० मध्ये तो आतच येतो, वॉल्थर एलजी ४०० ला इक्वलायझर म्हणतात तो. आतला एक छोटा तुकडा शॉटच्या क्षणी मागे फेकला जातो, त्यामुळे रायफल तेवढीच पुढे ढकलली जाते आणि दोन्ही धक्के एकमेकांना खाऊन टाकतात. एकदम भारी वाटतं, शॉट गेला की नाही कळत नाही इतकं. पण केवळ त्यासाठी जुनी, चांगली चालणारी रायफल विकून नवी घ्यायची? माझं मत नाही. एअरचा धक्का आधीच इतका कमी की पोझिशन बसलेली असेल तर अ‍ॅब्सॉर्बरवाचून टेन अडत नाही, आणि बसलेली नसेल तर तो लावूनही येत नाही. क्लबांत अजून जुन्या फाइनवेर्कबाऊ ३०० दिसतात, त्यात तर अख्खी अ‍ॅक्शनच रुळावर मागे सरकायची, तेव्हाच प्रश्न सोडवला होता पठ्ठ्यांनी.

पॉइंट टू टूवाल्यांनी मात्र अ‍ॅक्सेसरीच्या आधी गोळीचा लॉट, म्हणजे एकाच वेळी बनलेली तुकडी, तपासावा. टेनेक्स किंवा आर ५० सारख्या मॅचच्या गोळ्यांत पण लॉट बदलला की ग्रुप बदलतो, आणि मग तो ग्रुप रिकॉइलच्या नावावर खपतो. रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) बांधून चार लॉट मारून बघा. बांधलेल्या रायफलचाच ग्रुप फुटत असेल तर बटप्लेट बिचारी काय करणार.

सेकंडहँड प्लेट घ्यायला जाताना स्वतःची एलन की घेऊन जा, प्रत्येक सांधा विकणाऱ्यासमोर ढिला करून परत आवळून बघा, आणि स्टॉकमध्ये जाणाऱ्या दांड्याची जाडी मोजून घ्या, कारण प्रत्येक स्टॉकला प्रत्येक प्लेट बसत नाही आणि अ‍ॅडॅप्टरचे पैसे वेगळे पडतात.