मुलाखतच नाही, तिच्या तयारीचे 24,000

बँकेच्या काउंटरवर बसून मी दिवसातून दहा जणांना बजावते की अनोळखी खात्यात पैसे टाकू नका. त्याच मी गेल्या डिसेंबरात इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या एका क्लासवाल्याला 24,000 रुपये यूपीआयने पाठवले, तेही क्लासच्या नाही, त्याच्या स्वतःच्या बचत खात्यात. टेस्ट सिरीजचे 18,000 त्याआधीच गेले होते.

लेकीला दिल्लीत इतिहासात एम.ए. करायचंय. इंदुरात कुठल्याही क्लासात शिरलं की हिंदी सुरू होते. हा मात्र "या काकू, बसा" म्हणाला. लहानपण रामबागेत गेलं, गणेशोत्सवात नाटकांतून कामं केली, असं बरंच सांगितलं. निम्मी मी तिथेच विरघळले. आपला माणूस म्हटल्यावर पावती नीट वाचायची सुद्धा लाज वाटते.

"लेखी सगळेच काढतात हो काकू, गाडी अडते मुलाखतीत," म्हणत त्याने एक कागद पुढे सरकवला. यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, मार्च 2024 चं पत्रक, अगदी खरं. त्यातल्या एका ओळीवर पिवळा हायलायटर फिरवलेला: परीक्षेच्या गुणांना 70 टक्के, मुलाखतीला 30. "तीस टक्के म्हणजे काय, हे बँकेतल्या माणसाला मी काय सांगू?" मी मान डोलावली.

ते पत्रक पीएचडीच्या प्रवेशाचं होतं. नेट ही पात्रता परीक्षा देऊन पीएचडीला जाणाऱ्यांसाठी. वरच तसं लिहिलेलं होतं, पण माझी नजर पिवळ्या पट्ट्यावरून हलली नाही. इतिहासाच्या एम.ए.ला दिल्ली विद्यापीठ काय किंवा जेएनयू काय, सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेचे गुण बघतात. 75 प्रश्न, 300 गुण, बरोबर उत्तराला 4, चुकलं की 1 वजा. मुलाखत नाहीच.

आम्हाला हे कळलं जानेवारीत, 'मॉक इंटरव्ह्यू' झाल्यावर. समोर तिघं बसलेले, त्यातला एक पूर्ण वेळ मोबाइलमध्ये. इंदूरची म्हणून होळकरांवर विचारलं. लेकीने इंग्रजांशी झालेली महिदपूरची लढाई सांगितली, डिसेंबर 1817, आणि पाठोपाठ जानेवारी 1818 चा मंदसौरचा तह. 'प्रोफेसर' म्हणाले, मंदसौरचा तह 1805 चा. ती म्हणाली, सर, 1805 चा राजघाटचा, तो यशवंतराव होळकरांशी झाला. मंदसौरच्या वेळी ते हयातही नव्हते. तिला दहापैकी चार मिळाले. शेरा: आत्मविश्वास कमी.

घरी येऊन ती जेवली नाही. रात्री दिल्लीत शिकणाऱ्या तिच्या सीनियरला फोन केला, तर ती हसायलाच लागली. "एम.ए.ला कसली मुलाखत गं?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून गेले. तोवर 'काकू' जाऊन 'मॅडम' झालं होतं. पावतीवर लिहिलेलं 'स्टडी मटेरियल'. मुलाखतीचा शब्दही नाही. पुस्तकं दिली, आता पैसे परत मिळणार नाहीत, म्हणाला. पुस्तकं म्हणजे स्पायरल बाइंडिंग केलेल्या झेरॉक्स, त्यातले दोन भाग इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या ईज्ञानकोश साइटवर फुकट आहेत. लेकीने शेजारी मोबाइल धरून पान न पान जुळवून दाखवलं. परिच्छेदाखालचे स्वाध्याय सुद्धा तेच.

क्लास मध्येच सोडला तर उरलेल्या मुदतीची फी दहा दिवसांत परत करावी, असं केंद्र सरकारच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. त्यांची प्रत मी टेबलावर ठेवली. त्याने ती उचलून बघितली नाही. मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांनी टेस्ट सिरीजचे 9,000 परत आले. 24,000 वर तो अजून ढिम्म आहे, कारण 'ती रक्कम क्लासच्या खात्यात आलेलीच नाही'. याला माझ्याकडे उत्तर नाही. मीच पाठवली होती तिथे.

लेक आता ही परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या साइटवरच्या जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवते. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही केली आहे.

पिवळा पट्टा मारलेला तो कागद मी जपून ठेवलाय. ओळखीतल्या कुणाच्या मुलाला 'एम.ए. इंटरव्ह्यू बॅच' सुचवली असेल तर पैसे भरायच्या आधी येऊन बघून जा. संध्याकाळी साडेसहानंतर मी घरीच असते.