तुरा वाचला पाहिजे: एका फ्लेक्सवाल्याच्या नजरेतून गिम्पचं लॅसो

"ओ दादा, नवरदेवाचा तुरा कुठं गेला?"

दहा बाय आठचा फ्लेक्स मांडवाच्या दारात चढवून झाला होता आणि नवरदेवाचे मामा त्याच्या खाली उभं राहून मला फोन करत होते. फेटा जागेवर होता, वरचा तुरा साफ उडालेला. गर्दीच्या दिवसांत मी तो फोटो एका फुकट वेबसाइटवर टाकून पाच सेकंदांत बॅकग्राउंड काढून घेतलं होतं. मागचा पडदा पिवळा, तुराही पिवळा, मशीननं दोन्ही एकच धरलं. आणि मी न बघता प्रिंटला धाडला. चूक माझी. पदरचे पैसे घालून दुसरा फ्लेक्स काढून दिला आणि त्या दिवसापासून कटिंग हातानं करतो.

बार्शीत माझं छोटं दुकान आहे. वाढदिवस, लग्न, दहावा, दुकानाचं उद्घाटन, सगळे फ्लेक्स करतो. आधी इथेही इतरांसारखं कुठून तरी आणलेलं क्रॅक सॉफ्टवेअर होतं. एकदा त्याच्यासोबत व्हायरस आला, दोन वर्षांच्या फाइली गेल्या, तेव्हा अक्कल आली. आता गिम्प वापरतो, फोटो कापायचं-सजवायचं सॉफ्टवेअर. काही जण जिम्प म्हणतात, काय म्हणायचं ते म्हणा. १९९५ साली अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात शिकणाऱ्या दोन पोरांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर आजही फुकट आहे, आणि मार्च २०२५ मध्ये त्याचं ३.० आलं. दुकानात तेच आहे. सगळ्या सॉफ्टवेअरबद्दल लिहायला बसलो तर रात्र होईल. मी लिहितोय ते वेड्यावाकड्या आकाराच्या सिलेक्शनबद्दल, म्हणजे फोटोतला पाहिजे तेवढाच भाग रेघेनं वेगळा धरण्याबद्दल, कारण माझं पोट त्याच्यावर चालतं. चौकोन काय, कुणीही कापेल.

एफ दाबलं की फ्री सिलेक्ट, म्हणजे लॅसो हातात येतं. माउस दाबून धरून ओढलं तर पेन्सिलीसारखी रेघ उमटते. सोडून टिचक्या मारत गेलं तर ठिपक्याला ठिपका जोडत सरळ रेघा पडतात. हे दोन्ही एकाच सिलेक्शनमध्ये मिसळता येतं, आणि मला हे हत्यार आवडतं ते याच्यासाठीच. शर्टाची कॉलर सरळ, तिथं चार टिचक्या. कानाची पाळी गोल, तिथं ओढायचं. पुन्हा खांद्यावर टिचक्या. मधेच कंट्रोल धरून माउसचं चाक फिरवलं तर झूम होतं, रेघ सुटत नाही. मी तीनशे टक्क्यांवर काम करतो. शंभरवर बघून केलेलं कटिंग कंप्युटरवर झकास दिसतं आणि चौकात टांगल्यावर कानाजवळ पांढरी कड मिरवतं.

पहिल्या ठिपक्यावर परत येऊन टिचकी मारली की आकार बंद होतो, मुंग्यांची रांग चालल्यासारखी तुटक रेघ दिसते. इथं घाई करायची नाही. एंटर दाबेपर्यंत ठिपके हलवता येतात. एखादा गालात घुसला असेल तर धरून बाहेर ओढायचा. काढता काढता चुकलात तर बॅकस्पेस, एकेक ठिपका मागं जातो. एस्केप मात्र चुकूनही दाबू नका. एका उमेदवाराचा फोटो, दोन्ही हात जोडलेले, सगळी बोटं सुटी, शंभराच्या वर टिचक्या झालेल्या. पोरगा चहा घेऊन आला, मी कोपर टेकवलं, सगळं गेलं. चहा गार झाला आणि मी पहिल्यापासून बसलो.

आता हात कमरेवर ठेवून उभे राहणारे लोक. आमच्याकडं दर दुसरा भाऊ असाच उभा राहतो. हात आणि अंग यांच्यामधल्या तिकोनी फटीतून मागची मोटारसायकल दिसत असते. ती फट काढायला कंट्रोल धरून पहिली टिचकी मारायची, म्हणजे नवा तुकडा आधीच्या सिलेक्शनमधून वजा होतो. शिफ्ट धरलं तर जोडला जातो. गोम अशी की कंट्रोल सुरुवातीलाच धरायचा. टिचक्या मारता मारता मधेच धरला तर तो रेघेला पंधरा पंधरा अंशांच्या कोनात अडकवतो, आणि आपण बसतो विचारत की हे वाकडं का चाललंय. मला हे कळायला महिना गेला.

मूळ दुखणं तुऱ्याचं. त्याच्या इस्त्री केल्यासारख्या घड्या पंख्यासारख्या उघडतात आणि टोकाला झिरझिरीत होतात. मागं शेमला लोंबतो तो वेगळाच. घडीच्या प्रत्येक टोकावर टिचकी मारत बसलं तर सिलेक्शन करवतीच्या दात्यांसारखं होतं. म्हणून मी तुऱ्याच्या बुडापर्यंत लॅसोनं जातो, वरचा भाग ढोबळ घेतो, मग शिफ्ट-क्यू. याला क्विक मास्क म्हणतात. जे सिलेक्ट नाही ते तांबडं दिसतं. आता साधा ब्रश घ्यायचा. पांढऱ्यानं रंगवलं की तांबडं जातं, काळ्यानं रंगवलं की येतं. कडा मऊ असलेला ब्रश असला तर झिरझिरीत टोकं खरोखर झिरझिरीत येतात. पुन्हा शिफ्ट-क्यू, मुंग्या परत. त्या मामांच्या दुसऱ्या फ्लेक्सला मी हेच केलं. पाऊण तास लागला. घड्या मोजता येत होत्या.

केसांना हे पुरत नाही. दहाव्याच्या फ्लेक्ससाठी आजींचे फोटो येतात, पांढरे विरळ केस, मागं निळी भिंत. त्याला फोरग्राउंड सिलेक्ट आहे. आधी बाहेरून ढोबळ रेघ, एंटर, मग चेहऱ्यावर आणि पदरावर ब्रश फिरवून सांगायचं की हे माझं आहे. केसांचा भाग तसाच शंकेत ठेवायचा, तो गिम्प स्वतःच सोडवतं. निकाल बऱ्याचदा चकित करतो. पण माझं मशीन आठ जीबीचं, जुनं, आणि फोटो मोठा असला की आकडेमोड चालू असताना मी दुकानाबाहेर जाऊन येतो. तुमचं मशीन नवं असेल तर तुमची फेरी वाचेल.

इंटेलिजंट सिझर्स नावाचं अजून एक हत्यार आहे, आय दाबलं की येतं. दोन टिचक्यांच्या मधली कड ते स्वतः शोधतं. काळा कोट, पांढरी भिंत असेल तर उत्तम. पांढरा सदरा, पांढरी भिंत असेल तर ते थेट खिडकीच्या गजाकडं चालू लागतं. आणि आमच्याकडं पांढरा सदराच जास्त. मी ते सोडून दिलं.

नव्या माणसाला गिम्पमध्ये पहिल्या दिवशी दोन ठिकाणी धक्का बसतो. एक, सगळी हत्यारं समोर दिसत नाहीत, एका चिन्हामागं दुसरं दडलेलं असतं. राइट क्लिक केलं की बाहेर येतं. दोन, बॅकग्राउंड सिलेक्ट करून डिलीट दाबलं तर ते पारदर्शक न होता पांढरं किंवा दुसऱ्याच रंगाचं होतं. लेअरवर, म्हणजे फोटोच्या थरावर, राइट क्लिक करून ॲड अल्फा चॅनल आधी करायचं, म्हणजे त्या थराला पारदर्शक व्हायची सोय मिळते. खरं तर डिलीट करूच नका. माणसाच्या सिलेक्शनवरून लेअर मास्क लावा, तो बाकीचं नुसतं झाकतो, मूळ फोटो शाबूत राहतो. गिऱ्हाईक रात्री अकराला फोन करून म्हणतं, मागचा ट्रॅक्टर पाहिजे होता हो. तेव्हा कळतं.

प्रिंटला देण्याआधी सिलेक्ट मेन्यूतलं श्रिंक, म्हणजे सिलेक्शन आत ओढायचं, एक पिक्सल. जुन्या बॅकग्राउंडची कड त्यानं निघते. फेदर, म्हणजे कड मऊ करणं, मी एक-दोन पिक्सलच्या वर नेत नाही, नाहीतर माणूस धुक्यात उभा राहतो. आणि मेहनतीचं सिलेक्शन सेव्ह टू चॅनल करून एक्ससीएफ, म्हणजे गिम्पच्या स्वतःच्या फाइलमध्ये ठेवतो. एका भाऊंचा वाढदिवस दरवर्षी येतो, फोटो मात्र त्यांना तोच आवडतो, सहा वर्षांपूर्वीचा. एकदा कापला तो कापला.

तक्रार एकच, आणि ती गिम्पची नाही. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की दाबून दाबून एवढासा येतो, मग लॅसोला कडच सापडत नाही, कान कुठं संपला हे माणसालाही सांगता येत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा हो. दुकानाच्या काचेवर मी हे मोठ्या अक्षरात लावलंय. काल एकानं त्या पाटीचाच फोटो काढला आणि मला व्हॉट्सॲपवर साधा पाठवला.