दिवसभर कानावर असणारे हेडफोन: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

माझं काम ऐकण्याचं आहे. मुलाखती, बैठका, व्याख्यानं यांची रेकॉर्डिंग्ज ऐकायची आणि शब्द न् शब्द टाइप करायचा. आठवड्याला साधारण चाळीस तास कानाला काहीतरी लावलेलं असतं. त्यामुळे बास किती दणदणीत आहे, हे मी या रिव्ह्यूत लिहिणार नाही. कानाला काय झालं, ते लिहिणार आहे. कंपनीचं नावही देत नाही. कान पूर्ण झाकणारे, बाहेरचा गोंगाट दाबणारे म्हणजे नॉइज कॅन्सलेशनवाले, ब्लूटूथ आणि वायर दोन्हींवर चालणारे, पाव किलो वजनाचे आणि बारा हजारांच्या आसपासचे हे हेडफोन आहेत. त्या वर्गातल्या बहुतेकांना हे सगळं लागू पडेल.

याआधी मी रबरी टोप्यांचे इअरबड्स वापरत होते. एप्रिलच्या उकाड्यात उजव्या कानात खाज सुटली आणि पुढे तो ठणकायला लागला. कानाच्या भोकासमोर जो टणक उंचवटा असतो ना, तो जरा दाबला तरी कळ यायची. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं, पडदा ठणठणीत आहे, सूज बाहेरच्या नळीच्या कातडीला आहे. कानातला मळ आपोआप बाहेर सरकत असतो, चावताना आणि बोलताना जबडा हलतो त्याचीही त्याला मदत होते. तासन् तास बूच बसलं की मळ आतच राहतो, घाम सुकत नाही आणि ओली कातडी लगेच सोलवटते. पावसाळ्यात त्यावर बुरशीही धरते, आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये असे रुग्ण हमखास येतात म्हणाले. त्यांनी थेंब दिले, कान कोरडा ठेवायला सांगितलं आणि कापसाच्या काड्या घरातून हद्दपार करायला लावल्या. इअरबड्स काम संपेपर्यंत चालणार नव्हतेच, म्हणून हे मोठे हेडफोन घेतले.

त्याच वेळी ऑडिओमेट्रीही करून घेतली. बंद खोलीत बसायचं, बारीक सूर ऐकू आला की बटण दाबायचं. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सूर किती वरचा ते मोजायचं माप) प्रत्येक कानाचा वेगळा आलेख निघतो. माझा सरळ आला. मोठ्या आवाजाने होणारं नुकसान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतं. स, श, त, क अशा व्यंजनांचा बराचसा स्पष्टपणा याच वरच्या पट्ट्यात असतो. माणूस ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ म्हणायला लागतो तो इथून. ‘साठ’ आणि ‘आठ’ सारखेच वाटायला लागले तर माझं पोट कशावर चालणार? आतल्या कानातल्या केशपेशी जन्मतः साधारण पंधरा-सोळा हजार असतात. एकदा गेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

आता हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे, मुलांसाठी ७५. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० ला जेमतेम चार. म्हणजे ८० वर नुसतं काम केलं तरी माझा आठवड्याचा कोटा संपला. लोकलमधली गाणी, घरचा मिक्सर, गणपतीतले ढोल हे सगळं त्याच्या वर. उलट ७० वर ऐकलं तर ऊर्जा दहा पटींनी कमी. म्हणून हेडफोन पारखताना मी एकच प्रश्न धरला: सगळ्यात गोंगाटाच्या ठिकाणी मला हे किती कमी आवाजावर चालतात?

माझं गोंगाटाचं ठिकाण म्हणजे डोंबिवली-दादर लोकल. माझ्या फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाची डेसिबलमध्ये नोंद राहते. इतर कंपन्यांच्या हेडफोनसाठी तो आकडा अंदाजाचाच असतो, पण तुलनेला पुरतो. इअरबड्सवर बोलणं नीट कळायला लोकलमध्ये ८४-८६ लागायचे. या हेडफोनवर कॅन्सलेशन चालू ठेवून तेच रेकॉर्डिंग ७२ च्या आसपास कळतं. घरी पंखा पाचवर असताना ६५ पुरतात. माझ्या मते नॉइज कॅन्सलेशनची खरी किंमत हीच. बाहेरचा मायक्रोफोन गाडीची घरघर टिपतो आणि आतला स्पीकर तिच्या बरोबर उलटी लाट सोडतो, म्हणून ती घरघर विरते आणि तिच्यावर मात करायला आवाज चढवावा लागत नाही. मात्र हे जमतं फक्त सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजाला. शेजारच्या बाईचं फोनवरचं बोलणं, फेरीवाल्याची हाळी, भोंगा हे सगळं येतंच. त्यामुळे पथकात ढोल वाजवताना हेच घालून जाऊ का, असं भाच्याने विचारलं तेव्हा मी स्पष्ट नाही म्हटलं आणि त्याला फोमचे इअरप्लग आणून दिले. त्या कामाला तेच लागतात.

सुरुवातीला कॅन्सलेशन चालू केलं की घाट चढताना बसतात तसे कानाला दडे बसल्यासारखं वाटायचं. प्रत्यक्षात कानात दाब बदलत नाही. खालच्या पट्टीतले आवाज अचानक गायब झाल्याने मेंदूला तसं भासतं, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं. मी कॅन्सलेशन मध्यमवर ठेवलं आणि दोनेक आठवड्यांत सवय झाली. माझ्या मैत्रिणीला मात्र दर वेळी गरगरायचं, तिने परत केले. तेव्हा घेण्याआधी दुकानात निदान अर्धा तास लावून बसा.

चष्मेवाल्यांसाठी खास. माझी फ्रेम जाड काडीची होती. तासाभरात हेडफोनची कानाभोवतीची उशी काडीवर दाबायची आणि कानामागे लाल वळ उठायचा. शिवाय काडीमुळे उशीला फट राहते, तिथून गोंगाट शिरतो आणि हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. पातळ धातूच्या काडीची फ्रेम केल्यावर दोन्ही त्रास गेले. डोक्यावरच्या पट्टीची पकड नव्यात घट्ट असते. रात्री पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवले, आता सैल आहेत.

पावसाळ्याने उशांची वाट लावली. जुलैत डाव्या उशीच्या आतल्या कडेला बारीक चिरा दिसल्या, ऑगस्टअखेर काळे पापुद्रे गालाला चिकटायला लागले. हे खरं चामडं नाही, पॉलियुरेथेन आहे, ते दमट हवेत आणि घामात सुटतं. नव्या उशा मी सुती कापडाच्या घेतल्या. कॅन्सलेशन थोडं कमी झालं, पण कानाभोवतीचा घाम खूपच कमी झाला. रोज काम संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसते आणि पंख्याखाली ठेवते.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट जाहिरातीत सापडणार नाही. इअरबड्स दुखायचे, म्हणून निघायचे. हे दुखत नाहीत, म्हणून कानावरच राहतात. चहा करताना, कपडे वाळत घालताना, काही वाजत नसतानाही. आणि आवाजाचा डोस दुखवून सांगत नाही, तो गुपचूप साठतो. त्यामुळे कान दुखत नाही म्हणजे कान सुरक्षित आहे, असं मी अजिबात धरत नाही. दर तासाला गजर लावते आणि दहा मिनिटं कान मोकळे ठेवते. संध्याकाळी कानात शिट्टी वाजल्यासारखं वाटलं किंवा समोरच्याचं बोलणं दबलेलं आलं, तर त्या दिवशी पुढे काहीही लावत नाही.

माझ्या व्यवसायातल्यांना आणखी एक सांगते. बोलणं कळलं नाही की सगळे आवाज वाढवतात. त्याआधी इक्वलायझरमध्ये, म्हणजे आवाजाच्या पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये, खालची पट्टी उतरवा, २००० ते ४००० हर्ट्झचा भाग किंचित उचला आणि गती ०.७५ करा. वाईट रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर बोलण्यावर बसलेली असते. आवाज वाढवून तीही वाढते.

प्लॅटफॉर्मवर, रूळ किंवा रस्ता ओलांडताना हेडफोन गळ्यात, डोक्यावर नाही. बाहेरचा आवाज आत घेणारा मोड आहे, पण गाडी नेमकी कुठल्या बाजूने येते हे त्यात मला खात्रीने कळत नाही.

बॅटरी आठवड्यातून दोनदा चार्ज करावी लागते, तक्रार नाही. कॉलवर समोरच्याला माझा आवाज वाऱ्यात फाटलेला जातो. स्वतःचा आवाज आत घुमतो, म्हणून लांबच्या कॉलला एक कान उघडा ठेवते.

घरी शांत खोलीत काम करत असाल तर याची गरज नाही, चार हजारांचे साधे वायरवाले मोठे हेडफोन पुरतील. गोंगाटात तासन् तास ऐकायचंच असेल तर जरूर घ्या. त्या मॉडेलच्या सुट्या उशा मिळतात का, हे मात्र पैसे देण्याआधी विचारा. मला त्यांच्यासाठी महिनाभर शोधाशोध करावी लागली.