तुंबलेलं सिंक आणि तुंबलेली मोरी: घरातला कोणता उपाय कुठे चालतो

सिंकमध्ये पाणी साचलं की बहुतेक घरांत एक तर उकळतं पाणी ओततात, नाहीतर दुकानातून पावडरची पुडी आणतात. माझं मत असं की आधी हाताने करायचे उपाय करावेत आणि पुडी अगदी शेवटी. पुडी आत गेली की वर साचलेलं पाणीच दाहक होतं. मग त्यात पंप मारता येत नाही, तार घालता येत नाही, आणि प्लंबरला बोलावलं तर त्याच्याही हातावर तेच पाणी उडतं. एका पुडीने बाकीचे सगळे मार्ग बंद होतात.

उपाय निवडायच्या आधी आत काय अडकलंय ते पाहायचं. स्वयंपाकघरात तेल-तूप, भाताची खरकटी, चहाचा चोथा, कणीक. बाथरूममध्ये केस आणि साबणाचा राप. तुपावर चालणारा उपाय केसांवर चालत नाही, आणि बरीचशी निराशा इथेच होते.

स्वयंपाकघर: गरम पाणी, पंप की पाइप उघडणं?

पाणी हळूहळू का होईना पण उतरत असेल, तर गरम पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड हा सर्वांत सोपा उपाय. तूप आणि डालडा थंडीत थिजतात. म्हणूनच दिवाळीचं तळण आटोपल्यावर किंवा डिसेंबर-जानेवारीत सिंकच्या तक्रारी वाढतात. गरम पाण्याने तो थर सुटतो आणि लिक्विडमुळे पुढे जाऊन पुन्हा चिकटत नाही. मात्र पाणी उकळतं नको. घराघरांतले पीव्हीसीचे पाइप साधारण ६० अंशांपर्यंतच निर्धास्त असतात, त्यापुढे मऊ पडू लागतात आणि सांधे सुटतात. उकळतं आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं घेतलं की तापमान जवळपास तेवढंच होतं. पाणी मुळीच उतरत नसेल तर मात्र हा उपाय सोडून द्या. वरचं गार पाणीच कोमट होतं, अडथळ्यापर्यंत ऊब पोचतच नाही.

अशा वेळी रबरी पंप. शे-दीडशे रुपयांची वस्तू, पण घरात असावीच. रबर बुडेल इतकं पाणी राहू द्यायचं आणि दाबण्यापेक्षा वर ओढण्यावर जोर द्यायचा, कारण गाठ सैल होते ती ओढण्याने. बेसिनला वरच्या कडेजवळ एक छोटं भोक असतं, ते ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरलं नाही तर सगळा जोर तिथून निघून जातो. दोन भांड्यांच्या सिंकमध्ये दुसऱ्या भांड्याची जाळीही अशीच बंद करावी लागते.

तरीही माझी पहिली पसंती सिंकखालचा पाइप उघडण्याला आहे. लोक त्यालाच सर्वांत जास्त बिचकतात, आणि खात्रीने गुण येतो तो त्यानेच. खाली बॉटल ट्रॅप (गाळ अडवणारा बाटलीसारखा भाग) असेल, तर बादली ठेवून त्याची तळाची वाटी हातानेच उलट फिरवायची. आत करड्या चिखलासारखा गाळ आणि त्यात मोहरीचे दाणे, चहाची पत्ती, कधी भांड्याच्या काथ्याचा तुकडा. जुन्या टूथब्रशने वाटी घासायची, रबरी वॉशर पुसून पुन्हा नीट खाचेत बसवायचा, वाटी घट्ट करायची आणि खाली कोरडा कागद ठेवून पाणी सोडायचं. कागद कोरडा राहिला की काम झालं.

पुष्कळ फ्लॅटमध्ये बॉटल ट्रॅप नसतोच, नुसता वळ्यावळ्यांचा लवचिक पाइप जमिनीतल्या जाळीत सोडलेला असतो. त्या वळ्यांमध्येच तूप साचतं. पाइप काढून बाथरूममध्ये नेऊन गरम साबणाच्या पाण्याने खळबळून घ्या. फार जुना, कडक झालेला असेल तर बदला, नवा महाग नसतो.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर

याच्याबद्दल जरा सविस्तर, कारण इंटरनेटवर सर्वांत जास्त सांगितला जाणारा उपाय हाच आहे. फेस दिसतो म्हणून काम होतंय असं वाटतं. पण सोडा अल्क आणि व्हिनेगर आम्ल, दोघं एकमेकांना मारतात. उरतं ते पाणी, थोडा क्षार आणि उडून जाणारा वायू. वायूला वर मोकळी वाट असते, त्यामुळे तो अडथळ्याला ढकलत नाही. १५ ग्रॅम सोडा पूर्ण संपवायला पाव लिटरच्या आसपास व्हिनेगर लागतं, म्हणजे हे स्वस्तही नाही. वास घालवायला ठीक आहे, तुंबलेलं काढायला नाही.

दोन्ही वेगवेगळे मात्र उपयोगी पडतात. बोअरच्या जड पाण्यामुळे जाळीवर जो पांढरा थर चढतो, त्यावर नुसतं व्हिनेगर तासभर ठेवावं. आणि तुपाच्या थरासाठी खाण्याच्या सोड्याऐवजी धुण्याचा सोडा घ्यावा. तो बराच तीव्र अल्क आहे आणि गरम पाण्यात विरघळवून ओतला की तूप-तेल सुटायला खरी मदत करतो. हातमोजे घाला, आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यात कालवू नका.

बाथरूम: केसांना तारच

केस खाण्याच्या किंवा धुण्याच्या सोड्याने विरघळत नाहीत, गरम पाण्याने तर नाहीच. ते ओढूनच काढावे लागतात. जाळी उचला, आतली वाटी निघत असेल तर तीही काढा. बहुतेक वेळा केसांचा पुंजका तिथेच हाताला लागतो. त्याच्या पुढे असेल तर तार. कपड्याच्या हँगरची तार चालते, पण ती ताठ असल्याने वळणावर अडते आणि पाइपला ओरखडे पाडते. स्कूटरची जुनी क्लच केबल त्याहून सरस: वळणातून सहज वळते, आणि टोकाचे पीळ थोडे उसवून आत फिरवले की केस त्यात गुंततात. खराट्याचा हीर मी वापरू नका म्हणेन, आत मोडला तर तोच नवा अडथळा होतो.

पावडर आणि ॲसिड

कॉस्टिक सोड्याची पावडर केस आणि तूप दोन्ही खाते, हे खरं. पण ती पाण्यात पडताच प्रचंड तापते, आणि अर्धवट विरघळून आतच दगडासारखी बसली तर पाइपसकट काढावी लागते. वापरायचीच असेल तर पुडीवरच्या प्रमाणातच, डोळ्यांना चष्मा लावून, खिडकी उघडून, मुलांना लांब ठेवून. ॲसिड मात्र नकोच. आधी ब्लीच ओतलेलं असेल आणि त्यावर ॲसिड किंवा ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

सिंकमध्ये पाणी सोडलं आणि बाथरूमच्या जाळीतून बुडबुडे आले, किंवा खालच्या मजल्यावरही त्याच दिवशी पाणी तुंबलं, तर दोष तुमच्या ट्रॅपमध्ये नाही. तो सामाईक पाइपमध्ये किंवा खालच्या चेंबरमध्ये आहे. तिथे घरातला कोणताही उपाय पुरत नाही. सोसायटीच्या ऑफिसात कळवा, आणि चेंबर साफ होईपर्यंत वॉशिंग मशीन लावू नका.