हाताला वाट दाखवणारा सोनोग्राफी प्रोब: कॅज्युअल्टीत काही महिने वापरल्यानंतर

आधीच सांगते, या प्रोबमधला (अंगावर फिरवायच्या सोनोग्राफीच्या यंत्रातला) एआय निदान करत नाही. जाहिरात वाचून तसा समज होतो. तो फक्त प्रोब धरलेल्या हाताला योग्य चित्रापर्यंत नेतो. महामार्गालगतच्या आमच्या कॅज्युअल्टीत, रात्री रेडिओलॉजिस्ट घरी असताना, तेवढ्याचाही खूप उपयोग होतो.

प्रोब चिपवर चालणारा आहे, टॅबलेटला जोडायचा. पोटाला एक, छातीला दुसरा अशी बदलाबदली नाही. अपघाताचा रुग्ण आला की ई-फास्ट, म्हणजे आत रक्त किंवा हवा साचलीय का हे बघणारी झटपट सोनोग्राफी करायची: यकृत आणि उजव्या मूत्रपिंडामधली फट, डावीकडे प्लीहेभोवती, ओटीपोट, हृदयाभोवतीचं आवरण आणि दोन्ही फुप्फुसं. रक्त साचलं असेल तर तिथे काळं दिसतं.

उजवी बाजू बहुतेकांना लवकर जमते. आमचे आरएमओ (निवासी डॉक्टर) अडायचे ते डावीकडे, कारण प्लीहा वाटते त्यापेक्षा वर आणि मागे असते. बोटांची पेरं गादीला टेकेपर्यंत हात मागे न्यावा लागतो. हे मी कितीदा तरी सांगितलं होतं. आता स्क्रीनवर बाण येतो, हात मागे गेला की पट्टी हिरवी होते, आणि ते मुकाट्याने ऐकतात. बाणाला माझ्यापेक्षा जास्त मान आहे, चालायचंच.

गोंधळ त्या हिरव्या पट्टीचाच होतो. हिरवी म्हणजे चित्र चांगलं आलंय. नवख्यांना वाटतं, रुग्ण चांगला आहे. पोटात साधारण २०० मिलीपेक्षा कमी रक्त असेल तर ते सहसा दिसतच नाही, आणि पोटाच्या मागच्या भागातला रक्तस्राव तर यात सहज सुटतो. म्हणून नाडी वाढत असेल तर थोड्या वेळाने पुन्हा प्रोब लावायचा, पट्टी काहीही म्हणो. उलटही होतं. भरपेट जेवून निघालेल्याच्या जठरातलं पाणीही काळंच दिसतं. आमचं सॉफ्टवेअर ‘यकृत’, ‘मूत्रपिंड’ अशी नावं छान टाकतं. काळं कशाचं, ते आपणच ठरवायचं.

छातीच्या बाबतीत एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. फासळ्या मोडून कातडीखाली हवा पसरलेला रुग्ण होता. हवेमुळे ध्वनिलहरी आत पोचत नव्हत्या, त्यामुळे पट्टी लालच. ज्युनिअर बाणामागे प्रोब फिरवत राहिला. बोटाने दाबल्यावर कातडी करकरत होती, म्हणजे न्यूमोथोरॅक्सचा (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साचल्याचा) संशय तिथेच पक्का होता. हे बाणाला कळत नाही.

बारीकसारीक तक्रारी: प्रोब तापतो, चार्जिंग ऐन वेळी संपतं, जेलच्या बोटांनी टॅबलेट ऐकत नाही. एआयची सोय वार्षिक वर्गणीत आहे. वर्गणी थांबली की बाण बंद, आणि खरेदीच्या वेळी हे कुणी ठळकपणे सांगितलं नव्हतं.

घेण्याआधी १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याची कागदपत्रं बघा. यंत्राची नोंदणी हवीच. आकार खिशात मावण्याएवढा असला, तरी मनाला येईल तिथे नेऊन लावता येत नाही, त्यामुळे ‘घाटात अपघाताच्या जागीच तपासू’ हे स्वप्न बाजूला ठेवा. गर्भवती जखमी आली तर त्याच कायद्याचा फॉर्म एफ (गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद) भरावाच लागतो, आणि तो भरणारा एआय या वर्गणीत नाही.