जुन्या गाडीचा कॉम्बी ब्रेक आणि उद्यमनगरातील एक गॅरेज

ब्रेकमधून आवाज येऊ लागला की लगेच पॅड बदलून देणारे मिस्त्री कोल्हापुरात पेठोपेठी आहेत. आवाज नेमका कुठून येतो हे आधी शोधून मगच पान्याला हात घालणारे मिस्त्री मला शिवाजी उद्यमनगरात भेटले आणि त्यांनी केलेल्या कामाविषयी हा अभिप्राय आहे. गॅरेज लहान आहे. मिस्त्री आणि एक शिकाऊ तरुण एवढीच माणसे. याहून अधिक कामे घेणे शक्य नसल्याने नाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. ती मी पाळतो आणि काम कसे झाले ते सविस्तर सांगतो, म्हणजे वाचकांना आपापल्या मिस्त्रींकडे काय मागायचे ते कळेल.

माझी मोटारसायकल दीडशे सीसीची, दहा वर्षांहून जुनी आणि दोन्ही चाकांना डिस्क असलेली आहे. तिच्यात कॉम्बी ब्रेक आहे, म्हणजे एकच ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. हाताचा लिव्हर पुढच्या कॅलिपरमधील, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातील, कडेचे दोन पिस्टन ढकलतो. पायाचा ब्रेक मात्र मागच्या कॅलिपरबरोबर पुढच्या कॅलिपरमधला मधला पिस्टनही ढकलतो आणि पुढे जाणारा दाब किंचित उशिरा पोहोचावा म्हणून त्या वाटेवर डिले व्हॉल्व्ह बसवलेला असतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि त्यापुढच्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. त्यामुळे कॉम्बी ब्रेक आज घरोघरच्या स्कूटरवर दिसतो, परंतु तिथे तो बहुधा केबलने जोडलेला असतो आणि बहुतेक मिस्त्रींचा हात त्यावरच बसलेला आहे. तेलाच्या दाबावर चालणारी जुन्या मोटारसायकलींची रचना त्यांच्यासमोर क्वचितच येते.

माझ्या गाडीचा आवाज पायाचा ब्रेक दाबल्यावरच येत असे, म्हणून यापूर्वी दुसऱ्या ठिकाणी मागचे पॅड बदलण्यात आले आणि आवाज होता तसाच राहिला. या मिस्त्रींनी गाडी डबल स्टँडवर लावली, पुढचे चाक जमिनीपासून उचलले आणि ते हाताने फिरवत शिकाऊ तरुणाला आधी केवळ लिव्हर, नंतर केवळ पायाचा ब्रेक हलकेच दाबायला सांगितले. लिव्हर सोडल्यावर चाक मोकळे फिरले. पायाचा ब्रेक सोडल्यानंतर मात्र तेच पुढचे चाक घासत राहिले आणि चिरचिर पुढूनच आली.

यानंतर त्यांनी जे केले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मधल्या पिस्टनकडे येणाऱ्या वाटेचा ब्लीडर स्क्रू, म्हणजे तेल आणि हवा बाहेर सोडण्याचा स्क्रू, त्यांनी क्षणभर सैल केला. चाक त्याने मोकळे झाले असते, तर दाब वाटेत अडकून राहतो असा अर्थ निघाला असता आणि डिले व्हॉल्व्ह, होज (तेलाची नळी) किंवा तेलावर दाब आणणारा मास्टर सिलिंडर तपासावा लागला असता. चाक तसेच घासत राहिले, म्हणजे दोष कॅलिपरमध्येच होता. या एका चाचणीमुळे महागडा व्हॉल्व्ह विनाकारण बदलण्याचा खर्च वाचला.

कॅलिपर उघडल्यावर मधल्या पिस्टनच्या सीलच्या खाचेत कडक झालेला थर दिसला. पिस्टन मागे घेण्यासाठी अशा ब्रेकमध्ये स्प्रिंग नसते. दाबाने किंचित वाकलेले चौकोनी रबरी सील पूर्ववत होताना पिस्टनला मागे खेचते. खाचेत घाण साचली की सीलला ती हालचाल करता येत नाही. गगनबावड्याकडच्या पावसातला तांबडा चिखल आणि वॉशिंग सेंटरवरचा जोराचा फवारा यांमुळे ती घाण आत ढकलली जाते, असे मिस्त्रींचे मत आहे आणि मला ते पटते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिनाही कोरड्या पडल्या होत्या, त्यामुळे पॅड एका बाजूने अधिक झिजून तिरपे झाले होते.

पिस्टनवर गंजाचे खड्डे नसल्याने ते स्वच्छ करून परत वापरले आणि तिन्हींची सील मात्र नवी घातली. तिरपे झालेले पॅडही बदलले. पिनांना सिलिकॉन ग्रीस लावले, कारण साध्या ग्रीसने ब्रेकचे रबर फुगते. पॅडमागची, आवाज दाबणारी पातळ पट्टी आधीच्या कामात गहाळ झाली होती, तीही नवी आणून बसवली. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने मोजून डिस्कवर कोरलेल्या किमान मापाशी ताडली आणि डिस्क वाकडी नाही ना हे पाहण्यासाठी शेजारच्या लेथच्या कारखान्यातून डायल गेज आणला. उद्यमनगरात गॅरेज असण्याचा हा खरा लाभ आहे.

ब्रेक ऑइल पूर्ण बदलून डॉट ४ या प्रतीचे भरले. हे तेल हवेतील ओलावा शोषते. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, पण पाणी शिरलेल्या तेलासाठी ती मर्यादा १५५ अंशांवर येते, आणि घाट उतरताना ब्रेक तापून तेल उकळले तर हा फरक जिवावर बेतू शकतो. तेलातली हवा काढताना त्यांनी सर्व्हिस मॅन्युअल उघडून त्यातलाच क्रम पाळला. मधल्या पिस्टनच्या वाटेला स्वतंत्र ब्लीडर असतो. तो वगळला तर पायाचा ब्रेक स्पंजासारखा लागतो.

वाघबीळहून पन्हाळा चढून पुन्हा खाली आलो. आवाज नाही, चाक मोकळे. नवे पॅड बसेपर्यंत पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळायला त्यांनी बजावले आहे.

उणिवाही आहेत. सील किट बाहेरून मागवावे लागल्याने गाडी तिथेच अडकून पडली, आणि काम केव्हा होईल हे मिस्त्री आपणहून कळवत नाहीत. बिल मागितल्यावरच मिळाले, तेही केवळ एकूण रकमेचे. सुट्या भागांची आणि मजुरीची वेगळी नोंद असायला हवी होती. मजुरी मात्र वाजवी वाटली आणि काढलेले सर्व जुने भाग पिशवीत घालून परत मिळाले. रोजच्या नोकरीसाठी याच गाडीवर अवलंबून असलेल्यांनी सील किट आधी मिळवून मगच गाडी अशा कामाला सोडावी.